मुलांना ताऱ्याचा स्फोट कसा सांगायचा?

शर्वरी_कोथरूड

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हिवाळ्यात मुलांसाठी आकाशदर्शन असतं. मुलं साधारण सात ते तेरा वर्षांची. जानेवारीत अंधार पडला की मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं दिसतं, आणि कोथरूडच्या उजेडातही ते सहज ओळखता येतं. म्हणून यंदा मृगातल्या काक्षी (बीटलज्यूज) या ताऱ्यापासून सुरुवात करून सुपरनोव्हापर्यंत, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटापर्यंत जायचं ठरवलं आहे. तुम्ही तुमच्या मुलांना, नातवंडांना, विद्यार्थ्यांना हे कसं सांगता ते ऐकायचं आहे.

माझं मत आधी मांडते. 'तारा धडामकन फुटतो' एवढं सांगितलं की मुलं खूश होतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. स्फोट हा ताऱ्याच्या आयुष्याचा अगदी शेवटचा क्षण. त्याआधी तारा लाखो वर्षं कोसळायचा का थांबला होता, हे कळलं तरच तो शेवटी का कोसळला हे कळतं. म्हणून मी गोष्टीतला जास्तीत जास्त वेळ स्फोटाच्या आधीच्या काळाला देते.

तारा म्हणजे प्रचंड वायू. त्याचं स्वतःचं वजन त्याला सतत आत ओढतं, आणि गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम होताना निघणारी उष्णता त्याला बाहेर रेटते. दोन्ही सारखे असतात तोवर तारा शांतपणे तळपतो. सूर्य गेली ४६० कोटी वर्षं हेच करतोय. हायड्रोजन संपत आला की गाभा आकसतो, अजून तापतो, मग हेलियमचा कार्बन व्हायला लागतो. मोठा तारा असेल तर पुढे कार्बन, निऑन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं एकेक इंधन वापरलं जातं. शेवटी गाभ्यात लोखंड साठतं, आणि लोखंडाच्या अणूंचं मीलन करून ऊर्जा मिळत नाही. तिथे गाडी अडते.

हे वेळापत्रक मुलांना मी दोरीने दाखवते. सूर्याच्या सुमारे २५ पट वस्तुमानाचा तारा घेतला, तर हायड्रोजन त्याला साधारण ७० लाख वर्षं पुरतो. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं असं धरून गच्चीवर सात मीटर दोरी पसरायची. हेलियमची काही लाख वर्षं म्हणजे पुढचा एक मीटरसुद्धा नाही. नंतर कार्बनची जेमतेम ६०० वर्षं, निऑनचं एक वर्ष, ऑक्सिजनचे काही महिने आणि सिलिकॉनचा एक दिवस. हे सगळं मिळून दोरीवर एक मिलिमीटरही भरत नाही. मुलं खाली वाकून तो मिलिमीटर शोधतात, आणि 'शेवटी एवढी घाई का?' हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

मी अडते ती पुढे. गाभा आत कोसळतो हे पटतं, पण आत पडणाऱ्या गोष्टीतून बाहेर जाणारा स्फोट कसा होतो? मुलं हेच विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. हे कोणी कसं दाखवता?

अबोली

वाचतेय. माझ्याकडचा प्रश्न वेगळा आहे, रात्री निवांत लिहिते.

निवृत्त_मास्तर

शर्वरीताई, दोरीचा प्रयोग आवडला. तुमच्या प्रश्नाला दोन चेंडू पुरेत. एक बास्केटबॉल, एक टेनिसचा चेंडू. आधी दोन्ही वेगवेगळे कमरेएवढ्या उंचीवरून सोडा आणि मुलांना उसळी बघू द्या. मग टेनिसचा चेंडू बास्केटबॉलच्या बरोबर डोक्यावर धरून दोन्ही एकत्र सोडा. छोटा चेंडू मुलांच्या डोक्यावरून कुठल्या कुठे उडतो. खालचा मोठा चेंडू जमिनीवर आपटून वर यायला लागतो तेव्हा वरचा अजून खालीच येत असतो. त्या टकरीत मोठ्याची बरीचशी ऊर्जा छोट्याला मिळते. म्हणजे बाहेर फेकणारी ऊर्जा आत पडण्यातूनच आली, हे डोळ्यांनी दिसतं.

ताऱ्यात असं होतं की सुमारे पृथ्वीएवढा लोखंडी गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो. कोसळण्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास जातो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत चेपले जाऊन न्यूट्रॉन होतात, आणि एका मर्यादेनंतर तो गाभा आणखी दबायला नकार देतो. मागून पडणारे थर त्या टणक गाभ्यावर आपटून उसळतात. उरतो तो न्यूट्रॉन तारा. कात्रजपासून निगडीपर्यंतच्या अंतरात बसेल एवढा, पण वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त. गाभा फारच जड असेल तर कृष्णविवर.

आठवी-नववीच्या मुलांना मी पुढचंही सांगायचो. नुसती उसळी पुरत नाही. बाहेर निघालेला धक्का वाटेत अडकतो, आणि त्याला पुन्हा जोर देतात ते न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ वजन नसलेले अतिसूक्ष्म कण. या स्फोटाची सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनोंच्या रूपाने जाते. आपण ज्याला झगमगाट म्हणतो तो त्यातला अगदी किरकोळ भाग. १९८७च्या फेब्रुवारीत मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला, तेव्हा प्रकाश पोचण्याच्या काही तास आधीच जपान, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातल्या उपकरणांत न्यूट्रिनो सापडले होते. तिन्हीकडचे मिळून जेमतेम दोन डझन. पण १,६८,००० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या पोटातली बातमी त्या दोन डझनांनी आणली. मुलांना मोठ्या आकड्यांचं कौतुक असतं खरं, पण हा छोटा आकडा ऐकून वर्ग जास्त शांत व्हायचा.

चेंडूंचा प्रयोग कठडा नीट असलेल्या गच्चीवर करा, किंवा खाली पार्किंगमध्ये.

पाषाणकर

+१ मास्तर. रविवारी लेकाबरोबर करून बघतो.

अबोली

आता लिहिते. माझ्या साडेसात वर्षांच्या मुलाने कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात तारा फुटतो आणि जवळचे ग्रह जळून जातात. तेव्हापासून 'आई, सूर्य कधी फुटणार?' हेच चालू आहे. झोपताना हमखास. घरातले म्हणतात, 'काही होत नाही म्हणून सांग आणि विषय बदल.' मला ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर कसं सांगू तेही कळत नाही. शर्वरीताई, तुमच्या गच्चीवर असं घाबरलेलं मूल आलं तर काय करता?

शर्वरी_कोथरूड

अबोली, त्याला सरळ उत्तर दे: सूर्य फुटणार नाही. ही नुसती समजूत काढणं नाही, हे खरं आहे. असा कोसळून फुटायला तारा सूर्याच्या निदान आठ पट वस्तुमानाचा लागतो. सूर्याच्या गाभ्यात लोखंडापर्यंत मजल जाणारच नाही, कार्बन आणि ऑक्सिजनपाशीच थांबेल.

आणि त्याला आकाशात दोन तारे दाखव. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या एका बाजूला तांबूस काक्षी आहे, दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ एका दिशेने वाढवली की व्याध येतो आणि उलट दिशेने वाढवली की रोहिणी. रोहिणीही तांबूसच. दिसायला काक्षी आणि रोहिणी सारख्या रंगाचे, पण काक्षी सूर्याच्या पंधरा-वीस पट वस्तुमानाचा आहे आणि रोहिणी सूर्याहून थोडीशीच जड. काक्षी फुटणार, रोहिणी नाही. सूर्य म्हातारा झाला की रोहिणीसारखा होईल, फुगलेला आणि तांबडा. मग बाहेरचे थर हळूहळू सोडून देईल आणि मागे श्वेत बटू, म्हणजे विझत जाणारा छोटा, घट्ट गाभा उरेल. याला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत.

घाबरलेल्या मुलाला बोट दाखवायला काहीतरी लागतं. 'तो बघ, तो फुटणार आहे, पण तो खूप लांब आहे. आणि ती बघ, ती आपल्या सूर्यासारखी' असं म्हटलं की भीतीचं रूपांतर प्रश्नांत होतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

रोखठोक

सूर्य फुगून पृथ्वीच गिळेल हेही सांगणार का साडेसात वर्षांच्या मुलाला? सगळं खरं सगळ्या वयांत सांगायलाच हवं असं मला वाटत नाही.

शिवाय माझा एक मूळ आक्षेप आहे. शहरातल्या मुलांना चंद्राच्या कला माहीत नसतात, शुक्र ओळखता येत नाही, आणि कृष्णविवर मात्र तोंडपाठ. आधी चंद्र महिनाभर रोज बघा, मग ताऱ्यांच्या मरणाकडे वळा.

शर्वरी_कोथरूड

चंद्राबद्दल पूर्ण सहमत. महिनाभर चंद्राची वही ठेवली की मुलांना आकाशाची शिस्त कळते, तशी कशानेच कळत नाही. पण मूल सुपरनोव्हाबद्दल विचारत आलं, तर 'आधी चंद्र' म्हणून परत पाठवणं मला जमणार नाही. त्याची उत्सुकता जिथे पेटली आहे तिथूनच हात धरून चंद्रापर्यंत आणता येतं.

गिळण्याबद्दल: विचारलं तर सांगायचं, न विचारता नाही. विचारलं आणि आपण टाळलं, तर मूल पुन्हा त्याच व्हिडिओकडे जातं, आणि तिथे ते एकटं असतं.

अबोली

शेवटचं वाक्य अगदी लागलं. आज गच्चीवर नेते त्याला. काक्षी फुटला तर आपल्याला काही होईल का, हेही विचारेल तो.

निवृत्त_मास्तर

काही होणार नाही. काक्षी साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं लांब आहे. धोका व्हायचा तर सुपरनोव्हा काही दशक प्रकाशवर्षांच्या आत हवा, आणि तेवढ्या जवळ फुटण्याच्या बेतात असलेला एकही मोठा तारा नाही. मध्यम अंतरावर सुपरनोव्हा पूर्वी होऊन गेलेले आहेत. समुद्राच्या तळाच्या गाळात आणि खडकांत लोह-६० नावाचं किरणोत्सारी लोखंड सापडतं, ते वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या अशाच स्फोटाचं. पृथ्वी त्यातून सुखरूप आहे.

काक्षी फुटेल तेव्हा काही महिने भर दिवसा दिसेल आणि रात्री त्याची सावली पडेल. कधी? उद्या किंवा एक लाख वर्षांत. २०१९च्या शेवटी तो अचानक मंदावला तेव्हा जगभर चर्चा झाली होती, पण ते त्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या धुळीमुळे होतं.

नक्षत्रांची_आजी

सगळ्यांचं वाचून आनंद झाला. मी विज्ञानाची नाही, पण एक सांगते. मुलांना मृगाची गोष्टही सांगा. हरिण, त्याच्या पोटातला बाण, मागे लागलेला व्याध. आमच्या लहानपणी वडील अंगणात घोंगडीवर झोपवून दाखवायचे. मृग लागला की पेरणी आणि त्यानंतर आर्द्राचा पाऊस, हे शेतकऱ्याच्या घरात तोंडी असायचं. गोष्ट ठाऊक असली की तारे सापडतात, आणि एकदा सापडले की मूल ते विसरत नाही. नातीला मी हरणाचे चार पाय शोधायला लावते. त्यातला एक पाय फुटणार म्हटल्यावर ती म्हणाली, मग हरिण लंगडं होईल. तिला ते शास्त्र कायमचं लक्षात राहील.

शर्वरी_कोथरूड

आजी, हे मी नक्की वापरणार. आणि लंगडं हरिण हे काल्पनिक नाही, खरोखरच मृगाचा आकार बदलणार आहे.

खोडदचा_वारा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे शाळकरी मुलांची झुंबड असते. मुलांना तिकडे जरूर न्या, कारण 'तारा मेला, पुढे काय?' याचं उत्तर रेडिओ दुर्बिणीकडे आहे.

न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि त्याच्या रेडिओ लहरींचा झोत फिरता फिरता आपल्यावरून जातो. प्रत्येक वेळी एक ठोका. अशा ताऱ्याला स्पंदक म्हणतात. ते ठोके आवाजात बदलून मुलांना ऐकवा. शीड तारकासमूहातला स्पंदक सेकंदाला ११ ठोके देतो, ते वेगवेगळे ऐकू येतात. क्रॅब तेजोमेघातला सेकंदाला ३०, तो नुसता घुमल्यासारखा वाटतो. मुलं टेबलावर बोटांनी ११ची लय धरायचा प्रयत्न करतात आणि हरतात. अख्ख्या शहराएवढी वस्तू सेकंदाला तीस गिरक्या घेते, हे तेव्हा त्यांना खरं वाटायला लागतं.

पाषाणकर

क्रॅबवरून आठवलं. मुलांना सगळ्यात अवघड जातं ते हे, की आपण भूतकाळ बघतोय. माझ्या मुलाचा वाद: '१०५४ साली फुटला की त्याआधी?'

शर्वरी_कोथरूड

वाद उत्तम आहे. १०५४च्या जुलैत चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत 'पाहुणा तारा' नोंदवला. तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. त्याच जागी आज क्रॅब तेजोमेघ आहे, सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर. म्हणजे चिनी लोकांनी पाहिला तेव्हा त्या प्रकाशाला निघून ६,५०० वर्षं झाली होती. मुलाला वहीत दोन तारखा लिहायला सांगा, फुटल्याची आणि बातमी पोचल्याची. मग तोच विचारेल, काक्षी आत्ता आहे का? बहुधा आहे, कारण काही शतकं म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याचा अगदी छोटा तुकडा. पण आज खात्रीने सांगता येत नाही.

वयाचंही सांगा. काक्षी मरायला टेकलेला असला तरी त्याचं वय जेमतेम एक कोटी वर्षं आहे. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यांच्या आकाशात काक्षी नव्हता! हे वाक्य गच्चीवर म्हटलं की पाच मिनिटं दुसरं काही बोलता येत नाही.

रसायनवाली

एक विनंती. 'आपण सगळे सुपरनोव्हातून आलो' असं सरसकट सांगू नका. आपल्या अंगातल्या पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या सुरुवातीचा आहे, कुठल्याही ताऱ्यात बनलेला नाही. ऑक्सिजन मुख्यतः मोठ्या फुटलेल्या ताऱ्यांचा. कार्बनचा बराच वाटा रोहिणीसारख्या न फुटणाऱ्या ताऱ्यांनी हळूहळू सोडलेला. रक्तातल्या लोखंडाचा मोठा भाग दुसऱ्या जातीच्या सुपरनोव्हातून येतो. श्वेत बटूवर शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य साठत जातं, तो सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाच्या मर्यादेजवळ पोचतो आणि अख्खाच्या अख्खा उडतो. ती मर्यादा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते चंद्रशेखर १९३० साली मुंबईहून इंग्लंडला बोटीने निघाले, तेव्हा १९ वर्षांचे होते. वाटेत त्यांनी याची गणितं मांडली. नोबेल मिळालं १९८३ला. कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांना हे आवर्जून सांगते.

आणि आईच्या मंगळसूत्रातलं सोनं? त्यातलं निदान काही दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतलं. तशी टक्कर १७ ऑगस्ट २०१७ला गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाशालाच बसणाऱ्या हादऱ्यांतून, आणि प्रकाशातूनही टिपली गेली. अशा लहरी पकडणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. मुलांच्या आजोळाजवळ असेल तर त्यांना नकाशावर दाखवा.

रोखठोक

ही माहिती मलाही नवीन. माझा आक्षेप थोडा मऊ झाला, चंद्राची वही मात्र सोडू नका.

सदाशिव_पेठ

पुण्यात मुलांना न्यायला जागा खूप आहेत. टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमधलं तारांगण १९५४चं आहे. १९४४ला स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची आकाशदर्शनं असतात. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका. तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींतल्या ताऱ्यावरून. पुलंच्या प्रतिष्ठानाने देणगी दिली होती, म्हणून ते नाव दुहेरी शोभतं.

नारळीकर सरांकडे मुलं सही मागायची तेव्हा ते म्हणायचे, सही देत नाही, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न विचारून पाठव, उत्तर सहीसकट पाठवेन. २०२५च्या मे महिन्यात सर गेले. ही पद्धत आपण गच्चीवर चालवायला हवी. मुलांनी कार्डावर प्रश्न लिहून आणायचा आणि मोठ्यांनी उत्तर शोधून लिहूनच द्यायचं. तोंडी दिलेलं उत्तर हवेत जातं, शिवाय लिहायचं म्हटलं की आपणही नीट तपासतो.

शर्वरी_कोथरूड

कार्डांची कल्पना लगेच घेते. ज्याला उत्तर येत नाही तो प्रश्न पुढच्या वेळेपर्यंत फळ्यावर राहील, मुलांच्या नावासकट.

अबोली

गच्चीवर जाऊन आलो. ढग होते थोडे, पण मृग दिसला. रोहिणी सापडायला वेळ लागला, मग त्यानेच शोधली. झोपताना प्रश्न आला तो असा: 'लोखंडच का? लोखंडापाशीच का अडतं?' मास्तर, मदत.

निवृत्त_मास्तर

वा! त्याला सांगा, लोखंडाच्या अणूचा गाभा सगळ्यात घट्ट बांधलेल्या गाभ्यांपैकी आहे. हलके गाभे जोडले की ते अधिक घट्ट होतात आणि त्यात ऊर्जा सुटते. लोखंडाच्या पुढे जोडायचं तर उलट आपल्यालाच ऊर्जा घालावी लागते. ताऱ्याला मिळकत हवी असते, तिथे खर्च सुरू होतो. मोठा झाला की याचा आलेख बघेल. आत्ता एवढं पुरे, आणि हे कार्डावर लिहून द्या.

पाषाणकर

चेंडूंचा प्रयोग झाला. बास्केटबॉलमध्ये हवा कमी असेल तर उसळी येत नाही, आधी भरून घ्या. एक प्रश्न: द्विनेत्रीतून काक्षीचा रंग मुलांना पटकन कळत नाही, सगळे तारे पांढरेच वाटतात म्हणतात. काय करावं?

खोडदचा_वारा

फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ठिपक्याऐवजी छोटी चकती दिसेल आणि तिच्यात रंग स्पष्ट कळतो. आधी राजन्यावर करा, मग लगेच काक्षीवर. द्विनेत्री हाताने धरू नका, कठड्यावर टेकवा किंवा तिपाईला लावा, मुलांचे हात लवकर दुखतात. आणि बाणाच्या जरा खाली मृगाचा तेजोमेघ धुरकट दिसेल, तिथे नवे तारे जन्माला येताहेत. तेही त्याच रात्री दाखवून घ्या.